रेकॉर्डसारखं ऐकायचंय? आधी फोनचं सेटिंग उघडा!

तुमच्याही फीडमध्ये ती रील येऊन गेली असेल. खोलीत पिवळ्या लाइट्सची माळ, टेबलावर पेस्टल रंगाची छोटी सूटकेस, सूटकेसचं झाकण उघडं आणि आत गरगर फिरणारी काळी रेकॉर्ड. खाली कॅप्शन, ‘विनाइलची मजा स्ट्रीमिंगला नाही’. मग कमेंट्समध्ये लिंक मागणाऱ्यांची रांग. दोन महिन्यांपूर्वी त्या रांगेत मीही होते. पहिल्या स्टायपेंडमधून तो सूटकेस प्लेअर घ्यायचा, हे जवळपास पक्कं झालं होतं.

घेतला नाही. आणि तुम्हीही घाई करू नका, हे सांगायला हा लेख. रेकॉर्ड वाईट असते म्हणून नाही. चांगल्या प्लेअरवर, नीट जपलेली रेकॉर्ड फार सुंदर वाजते. पण आपल्यापैकी बहुतेकांची जी तक्रार असते, की गाणं सपाट वाटतं, दबलेलं वाटतं, त्यात जीव नाही, तिचं औषध त्या सूटकेसमध्ये नाही. ते आपल्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये आहे, कानातल्या ब्लूटूथमध्ये आहे, खोलीच्या उघड्या भिंतींमध्ये आहे आणि खरं सांगायचं तर आपल्या ऐकण्याच्या सवयीत आहे. यातलं बरंचसं फुकटात होतं.

मामाच्या हॉलमधला प्रयोग

माझ्या मामाकडे कोल्हापुरात जुना टर्नटेबल, अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यातले दोन दणकट स्पीकर आहेत. ‘पैसे घालवायच्या आधी इथे येऊन ऐक तरी,’ असं तो म्हणाला. गेले. मला रेकॉर्ड आणि स्ट्रीमिंग समोरासमोर ठेवायचं होतं. अल्बम एकच, अ‍ॅम्प एकच, स्पीकरही तेच.

सुरुवातीलाच माती खाल्ली. अ‍ॅम्पच्या मागे ‘फोनो २’ लिहिलेली जागा रिकामी होती. मला वाटलं, फोनो म्हणजे फोनचंच असणार. वायर खुपसली आणि आवाज असा फाटला, की मामी किचनमधून धावत आली. मामा पोट धरून हसला. ‘अगं, ते रेकॉर्ड प्लेअरचं तोंड आहे. फोन ऑक्सला लाव.’

पण या चुकीतून एक मोठी गोष्ट कळली. रेकॉर्ड कापताना बास मुद्दाम कमी करतात आणि वरचे सूर मुद्दाम वाढवतात. बास आहे तसा कोरला तर खाच इतकी रुंद होईल, की एका बाजूवर मोजकीच गाणी मावतील आणि सुईही उडेल. वाजवताना अ‍ॅम्पमधलं ‘फोनो’ सर्किट हे सगळं उलटं करतं आणि सुईकडून आलेला बारीकसा सिग्नल कित्येक पटींनी वाढवतं. १९५०च्या दशकात ठरलेल्या या प्रमाणाला आरआयएए कर्व्ह म्हणतात. म्हणजे ‘रेकॉर्डचा आवाज एकदम शुद्ध, कोणीही हात न लावलेला’ हे जे आपण ऐकतो, ते तितकंसं खरं नाही. हात तिथेही लागलेला असतो, फक्त तो सुंदर पद्धतीने लागलेला असतो.

दुसरा घोळ अ‍ॅपवर झाला. जुन्या हिंदी सिनेमाचं गाणं सर्च केलं, पहिलं आलं ते लावलं, तर मागे ढॅणढॅण ठेका. झंकार बीट्स! मूळ गाण्यावर नंतर चढवलेला तो ताल. मामाने कपाळाला हात लावला. आपण कित्येक जण जुनं गाणं ‘स्ट्रीमिंगवर बरं वाटत नाही’ म्हणतो, तेव्हा आपण मूळ गाणं ऐकतच नसतो. एक तर झंकार, नाहीतर ‘रिव्हायवल’, नाहीतर कोणीतरी कॅसेटवरून उतरवून अपलोड केलेली कॉपी. खाली स्क्रोल केल्यावर मूळ साउंडट्रॅक सापडला.

मग फोनवरच्या साउंड मीटरने दोन्हीचा आवाज सारखा केला. हे फार महत्त्वाचं आहे. दोन आवाजांपैकी जो किंचित मोठा असतो, तो आपल्याला ‘जास्त भारी’ वाटतो, हा कानाचा जुना स्वभाव आहे. मामेभावाने अ‍ॅम्पचं बटण फिरवायचं, मी आणि मामाने पाठ करून बसायचं आणि ओळखायचं.

निकाल? गाण्याच्या आधीच्या आणि दोन कडव्यांमधल्या शांततेत मामाने दर वेळी रेकॉर्ड अचूक ओळखली, कारण खरखर. पण गाणं भरात आलं, व्हायोलिन आणि आवाज एकत्र सुरू झाले, की त्याचे आणि माझे अंदाज निम्मे बरोबर, निम्मे चूक. म्हणजे छापा-काटा. तीस वर्षं रेकॉर्ड ऐकणाऱ्या माणसाचा! एका हॉलमधल्या प्रयोगातून विज्ञान सिद्ध होत नाही, मान्य. पण माझा सूटकेस प्लेअर त्या दुपारी कॅन्सल झाला.

आकडे कोणाच्या बाजूने?

एलपी १९४८ साली आली. तिचा वेग मिनिटाला ३३⅓ फेरे. वेग कायम असला तरी बाहेरच्या खाचेचा घेर मोठा आणि आतल्या खाचेचा लहान, त्यामुळे पहिल्या गाण्याला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर खाच सरकते आणि शेवटच्या गाण्याला जेमतेम २०-२१. तेवढ्याच वेळाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा. म्हणून बाजू संपत आली, की ‘स’ आणि ‘श’ थोडे चरचरतात. हा त्या माध्यमाचा भूमितीतलाच दोष आहे, कितीही महाग प्लेअर आणा.

दुसरीकडे १९८२मध्ये बाजारात आलेली सीडी. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा. यात २० हजार हर्ट्झच्याही थोडं वरपर्यंतचा आवाज पूर्ण मावतो आणि माणसाचा कान तिथेच थांबतो. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सीडीवर साधारण ९६ डेसिबल, रेकॉर्डवर ६०-७०च्या घरात. ‘डिजिटलमध्ये आवाजाच्या पायऱ्या होतात, रेकॉर्डवर गुळगुळीत लाट असते’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. चुकीचं आहे. नमुने पुरेसे असतील तर त्यातून मूळची लाट जशीच्या तशी परत उभी राहते, हे गणिताने कधीच दाखवून दिलंय. स्पीकरमधून पायऱ्या बाहेर येत नाहीत.

मग प्रश्न येतो, की काही रेकॉर्ड खरंच जास्त छान का वाजतात? याचं खरं उत्तर मास्टरिंग. गेल्या २५-३० वर्षांत गाणी एकमेकांपेक्षा मोठी वाजावीत म्हणून दाबून दाबून सपाट केली गेली. मेटालिकाच्या २००८च्या ‘डेथ मॅग्नेटिक’चं उदाहरण प्रसिद्ध आहे. त्याची सीडी इतकी दाबलेली होती, की ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममधली तीच गाणी चाहत्यांना जास्त मोकळी वाटली. रेकॉर्डसाठी कधीकधी वेगळं, कमी दाबलेलं मास्टर वापरतात आणि ते ऐकायला नक्की चांगलं असतं. पण ते श्रेय मास्टर करणाऱ्याचं, प्लॅस्टिकचं नाही.

याचा पुरावा हवा असेल तर २०२२ची गोष्ट वाचा. अमेरिकेतली मोबाइल फिडेलिटी ही कंपनी दर्दी लोकांसाठी महागड्या रेकॉर्ड काढते. लोक त्या पूर्ण अ‍ॅनालॉग समजून घेत होते. त्या वर्षी उघड झालं, की २०११पासून त्यांच्या प्रक्रियेत मधला एक टप्पा डिजिटल होता. कोर्टकचेऱ्या झाल्या. फसवलं गेल्याचा राग योग्यच होता. पण मला त्यातलं वेगळंच लक्षात राहिलं. जगातले सर्वांत तयार कान त्या रेकॉर्ड दहा वर्षं ऐकत होते, त्यांची वाहवा करत होते आणि त्यातलं डिजिटल कोणालाही ऐकू आलं नाही.

फुकटात होणाऱ्या गोष्टी

तर आता फोन हातात घ्या.

पहिलं, क्वालिटी. स्पॉटिफायवर ‘नॉर्मल’ म्हणजे सेकंदाला ९६ किलोबिट, ‘व्हेरी हाय’ म्हणजे ३२०. वायफाय, मोबाइल डेटा आणि डाउनलोड या तिन्हींचं सेटिंग वेगवेगळं असतं आणि ‘ऑटोमॅटिक’वर असेल तर नेट हळू झालं की क्वालिटी गुपचूप उतरते. ‘डेटा सेव्हर’ही बघा, कधीतरी ऑन करून आपण विसरलेलो असतो. यूट्यूब म्युझिकवरही ‘हाय’ निवडावं लागतं. डेटाची भीती वाटत असेल तर हिशोब करा. ३२०वर एक तास ऐकलं तर साधारण १४४ एमबी जातात. एवढा डेटा आपण रील्समध्ये चहा गार व्हायच्या आत उडवतो. फुकट प्लॅनवर सगळी क्वालिटी मिळत नाही, हेही खरं. तेव्हा आहे त्यातली सर्वांत वरची निवडा.

दुसरं, व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन. यात ‘लाउड’ असेल तर ‘नॉर्मल’ किंवा ‘क्वाएट’ करा. ‘लाउड’मध्ये गाणं आणखी दाबलं जाऊ शकतं. आवाज हवा असेल तर व्हॉल्यूमचं बटण आहेच. इक्वलायझरमधला ‘बास बूस्टर’ एक आठवडा बंद ठेवून बघा. पहिले दोन दिवस गाणं पिचकं वाटेल, तिसऱ्या दिवशी तबल्याचा डग्गा आणि बास गिटार वेगवेगळे ऐकू यायला लागतील. क्रॉसफेडही बंद करा, एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या डोक्यावर पडायला नको.

तिसरं, वायर. ब्लूटूथवर गाणं दुसऱ्यांदा दाबून पाठवलं जातं. अ‍ॅपने आधी दाबलेलं असतं, मग फोन पुन्हा दाबतो. अँड्रॉइड फोन आणि इअरफोन दोन्हींना एलडॅक चालत असेल तर ते ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये चालू करा, फरक पडतो. पण लॉसलेस ऐकायचं असेल तर वायरच लावा. अ‍ॅपल म्युझिकने २०२१मध्ये जादा पैसे न घेता लॉसलेस दिलं, स्पॉटिफायनेही २०२५मध्ये आणलं. त्यासाठी महागडा प्लॅन घ्यायचा आणि ऐकायचं साध्या ब्लूटूथवर, म्हणजे हापूस आणून त्याचा पावडरचा मिल्कशेक करण्यासारखं आहे.

चौथं, खोली. याच्याकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. हॉस्टेलची खोली म्हणजे खाली टाइल्स, चार उघड्या भिंती, एक लोखंडी कॉट. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टण्ण करून शेपूट आलं तर तुमचं प्रत्येक गाणं त्या शेपटासकट वाजतंय. खाली सतरंजी घाला, खिडकीला जाड पडदा लावा, समोरच्या भिंतीला पुस्तकांची मांडणी ठेवा. मागच्या भिंतीवर आजीने शिवलेली गोधडी टांगली तर उत्तमच, मऊ आणि जाड गोष्टी आवाजाचे वरचे सूर शोषून घेतात. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नका, तिथे बास गुरगुरतो. भिंतीपासून हातभर पुढे घ्या, कानाच्या उंचीवर आणा, खाली दोन जाड गाइड ठेवले तरी चालतात. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, तेवढंच अंतर त्यांच्यापासून तुमचं. असा त्रिकोण जमला, की गायक दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये येऊन उभा राहतो. पहिल्यांदा हे होतं तेव्हा दचकायला होतं.

थोडे पैसे असतील तर

हेडफोनचा जॅक नसलेल्या फोनसाठी आत डॅक असलेला टाइप-सी अडॅप्टर घ्या. डॅक म्हणजे डिजिटल आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी चिप. फूटपाथवरच्या शंभर रुपयांच्या अडॅप्टरमध्ये बऱ्याचदा ती नसतेच. हजार रुपयांच्या आसपास चांगला अडॅप्टर मिळतो आणि वायरवाले बरेसे इअरफोनही त्याच किमतीत मिळतात. दोन हजारांत इतकी स्वच्छ साखळी तयार होते, की त्या सूटकेस प्लेअरची बरोबरीच नाही. त्या स्वस्त सूटकेसमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असतं, सुईचा दाब चांगल्या प्लेअरच्या दुप्पट-तिप्पट आणि स्पीकर रेडिओएवढे. वर रेकॉर्ड झिजते ती वेगळीच.

आणि सर्वांत आधी घरचा माळा तपासा. कित्येक घरांत काकांचा जुना अ‍ॅम्प, डेक, स्पीकरची जोडी गोणपाटात गुंडाळून पडलेली असते. ३.५ एमएम टू आरसीए वायर घ्या आणि अ‍ॅम्पच्या मागे ‘ऑक्स’ किंवा ‘टेप’मध्ये लावा. फोनोमध्ये नाही, ते मी तुमच्या वतीने करून बघितलंय. दोन वेगळे स्पीकर एका गोल ब्लूटूथ स्पीकरपेक्षा नेहमी जास्त सांगतात, कारण स्टिरिओला डावं आणि उजवं लागतं.

मग रेकॉर्ड कुठे जिंकते?

इतकं सगळं सांगून मला एक गोष्ट कबूल करायची आहे. त्या दुपारी प्रयोग संपल्यावर मामाने रेकॉर्डची दुसरी बाजू लावली आणि आम्ही काही न बोलता ती पूर्ण ऐकली. वीस-बावीस मिनिटं. संपल्यावर तो म्हणाला, ‘आवाजाचं सोड. तू आज किती दिवसांनी फोन हातात न घेता अख्खी बाजू ऐकलीस, ते सांग.’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण ‘किती दिवसांनी’ नाही, पहिल्यांदाच.

रेकॉर्ड इथे जिंकते. तिला स्किपचं बटण नाही. ती लावायला उठावं लागतं, उलटायला उठावं लागतं. आपण ज्याला ‘विनाइलचा उबदार आवाज’ म्हणतो, त्यातला मोठा भाग म्हणजे आपण शेवटी एका जागी बसलो, हा आहे. अमेरिकेत २०२२मध्ये रेकॉर्डची संख्या सीडींपेक्षा जास्त विकली गेली, १९८७नंतर पहिल्यांदाच. आणि ल्युमिनेट या संस्थेच्या २०२३च्या पाहणीनुसार, तिथे रेकॉर्ड घेणाऱ्यांपैकी निम्म्याच लोकांकडे प्लेअर होता. म्हणजे निम्मे लोक आवाजासाठी घेतच नाहीत. त्यांना हातात धरता येईल, आपलं म्हणता येईल असं संगीत हवंय. ती भूक खरी आहे, तिला हसू नका. फक्त तिला ‘साउंड क्वालिटी’ हे नाव देऊ नका.

दुसरी एक जागा आहे आणि तिथे मला अ‍ॅप्सचा खरा राग येतो. मामाच्या रेकॉर्डचं कव्हर उलटलं, तर मागे गीतकार, संगीतकार, गायक, सगळ्यांची नावं. शास्त्रीय रेकॉर्ड असेल तर तबल्यावर कोण, पेटीवर कोण. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी सुरुवातीच्या रेकॉर्ड दिल्या, तेव्हा तीन मिनिटांच्या तबकडीतही शेवटी स्वतःचं नाव सांगायला जागा ठेवली होती. आणि आज लाखो गाणी मावणाऱ्या अ‍ॅपवर जुनं मराठी गाणं काढा. गीतकाराचं नाव बऱ्याचदा नाही, वर्ष कंपाइलेशनचं, सिनेमाचं पोस्टर भलतंच आणि मूळ कुठलं, झंकार कुठलं, ते आपणच ओळखायचं. बिटरेट वाढवून ही उणीव भरत नाही. या कंपन्या आपल्याला २४ बिट विकायला निघाल्यात, त्यांनी आधी चार नावं नीट लिहावीत. आपण मागितल्याशिवाय ती कोणी लिहिणार नाही. तेव्हा चुकीची माहिती दिसली की रिपोर्ट करा, क्रेडिट्स उघडून वाचा, मूळ आवृत्ती शोधून तीच सेव्ह करा आणि शेअर करा.

आता राहिला तुमचा प्रश्न. पैसे साठवून चांगला टर्नटेबल घ्यायचाच असेल तर जरूर घ्या, मीही कधीतरी घेईन. पण त्याआधी एक प्रयोग. आज रात्री सेटिंग बदला, वायर लावा, फोन फ्लाइट मोडवर टाकून डाउनलोड केलेला एक अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून लावा. लाइट बंद. शफल नाही, स्किप नाही, मधे स्टोरी टाकायची नाही. चाळीस मिनिटं.

त्यानंतरही गाणं सपाट वाटलं, तर मला खुशाल शिव्या घाला आणि त्या सूटकेसची लिंक मागा.